प्रयोगशाळेपासून लोकवस्तीपर्यंत : लेस्टर विद्यापीठातील जनुकशास्त्राची वाटचाल

इंग्लंडच्या मध्यभागी वसलेले लेस्टर हे शहर एकेकाळी पायमोजे, विणलेली वस्त्रे आणि पादत्राणे यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जात असे. भारतीय वाचकांना हे नाव परिचित आहे ते पूर्व आफ्रिकेतून परागंदा होऊन तेथे स्थिरावलेल्या गुजराती कुटुंबांमुळे आणि बेलग्रेव्ह रोडवरील दिवाळीच्या रोषणाईमुळे. मात्र या शहराने जगाला दिलेली सर्वांत मोठी देणगी वेगळीच आहे. खुनाच्या तपासापासून पितृत्वाच्या दाव्यापर्यंत आणि विमान अपघातातील मृतांची ओळख पटविण्यापर्यंत ज्या डीएनए चाचणीचा आज सर्रास उल्लेख होतो, तिचा जन्म लेस्टर विद्यापीठाच्या जनुकशास्त्र विभागात झाला.

या शोधाची कथा अनेकदा सांगितली गेली आहे. त्या तुलनेत हा विभाग कसा वाढला आणि भोवतालच्या समाजाशी त्याचे नाते कसे जुळत गेले, याची चर्चा कमी होते. जनुकशास्त्र ही एका अर्थी परावलंबी विद्या आहे. लोकांनी आपले रक्त, आपली लाळ आणि आपल्या घराण्याची माहिती विश्वासाने दिल्याखेरीज ती पुढे सरकत नाही. साहजिकच, ज्यांच्याकडून घेतले त्यांना त्याचा अर्थ उलगडून सांगण्याचे दायित्वही तिच्यावर येते. लेस्टरच्या सहा दशकांच्या वाटचालीत हे दायित्व कसे निभावले गेले आणि त्यातून कोणते प्रश्न उभे राहिले, हे पाहणे आपल्या दृष्टीनेही उद्बोधक ठरेल.

स्मारकातून विद्यापीठ

पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या स्थानिक तरुणांचे स्मारक म्हणून १९२१ मध्ये लेस्टर येथे एक महाविद्यालय सुरू झाले. त्याची पहिली इमारत ही मुळात परगण्याचे मनोरुग्णालय होती. युद्धकाळात तेथे लष्करी इस्पितळ चालविले जात होते. ‘त्यांना जीवन लाभावे’ या अर्थाचे लॅटिन बोधवाक्य संस्थेने स्वीकारले, त्यामागे ही पार्श्वभूमी होती. १९५७ मध्ये राजसनद मिळून या महाविद्यालयाचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. ऑक्सफर्ड वा केंब्रिजसारखी शतकांची परंपरा त्याच्यामागे नव्हती. प्रांतीय शहरातील एक लहान विद्यापीठ, असेच त्याचे स्वरूप होते.

१९६४ मध्ये रॉबर्ट प्रिचर्ड यांनी येथे जनुकशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा केला. जीवाणूंमधील डीएनएची प्रत कशी तयार होते, हा त्यांचा अभ्यासविषय. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाकार रचनेचा शोध लागून तेव्हा जेमतेम अकरा वर्षे झाली होती आणि अनेक विद्यापीठांत जनुकशास्त्र हे वनस्पतिशास्त्र वा प्राणिशास्त्र यांचे उपांग मानले जात होते. अशा काळात स्वतंत्र विभाग स्थापणे ही दूरदृष्टीच म्हणावी लागेल. १९७७ मध्ये या विभागात सत्तावीस वर्षांचा एक तरुण अधिव्याख्याता रुजू झाला. त्याचे नाव ॲलेक जेफ्रीज. ऑक्सफर्डमध्ये शिक्षण आणि ॲमस्टरडॅम येथे संशोधन करून तो आला होता. पुढील पस्तीस वर्षे, २०१२ मध्ये निवृत्त होईपर्यंत, त्याने हा विभाग सोडला नाही.

एका सकाळचे चित्र

जेफ्रीज यांचा शोध अन्य कशाचा तरी शोध घेताना लागला. स्नायूंमध्ये प्राणवायू साठविणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाच्या जनुकाचा ते अभ्यास करीत होते. त्या जनुकात डीएनएचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा आलेला त्यांना दिसला. जपमाळेत सारखेच मणी एकापुढे एक ओवलेले असावेत, तशी ही रचना. असे पुनरावृत्त भाग आपल्या गुणसूत्रांवर अनेक ठिकाणी असतात. त्यांतील मण्यांची संख्या मात्र व्यक्तीगणिक बदलते.

हे भाग एकाच वेळी दृष्टीस पडावेत यासाठी त्यांनी एक पद्धत योजली. डीएनएचे विशिष्ट विकरांच्या साह्याने तुकडे करायचे, विद्युतप्रवाहाच्या जोरावर ते लांबीनुसार वेगळे करायचे आणि पुनरावृत्त भागांना जाऊन चिकटणारा किरणोत्सारी शोधक त्यांवर सोडायचा. मग क्ष-किरणांच्या फिल्मवर त्या तुकड्यांच्या जागी काळ्या पट्ट्या उमटतात. १० सप्टेंबर १९८४ च्या सकाळी अशी एक फिल्म धुऊन बाहेर आली. तीवर प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञ महिला आणि तिचे आईवडील यांच्या डीएनएबरोबरच काही प्राण्यांचे, इतकेच काय, तंबाखूच्या रोपाचेही नमुने होते. चित्र अस्पष्ट होते, तरी दोन गोष्टी स्वच्छ दिसत होत्या. प्रत्येकाच्या पट्ट्यांची मांडणी निराळी होती आणि मुलीच्या पट्ट्यांपैकी काही आईकडून, तर उरलेल्या वडिलांकडून आल्या होत्या.

एकाच चित्रातून व्यक्तीची ओळख आणि तिचे रक्ताचे नाते, असे दोन्ही वाचता येत होते. १९८५ मध्ये हे संशोधन ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि ‘डीएनए फिंगरप्रिंटिंग’ ही संज्ञा रूढ झाली. हुबेहूब जुळ्या भावंडांचा अपवाद सोडल्यास दोन माणसांच्या पट्ट्या तंतोतंत जुळण्याची शक्यता नगण्य होती.

पहिली परीक्षा

या शोधाचा पहिला प्रत्यक्ष वापर गुन्हे तपासात झाला, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः पहिला प्रश्न घेऊन आले ते एक स्थलांतरित कुटुंब. घानामधून ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या एका महिलेचा किशोरवयीन मुलगा काही काळ घानात राहून परतला असता विमानतळावरच त्याला अडविण्यात आले. पारपत्र बनावट असून हा त्या महिलेचा मुलगा नव्हे, फार तर तिच्या बहिणीचा असावा, असा अधिकाऱ्यांना संशय होता. रूढ रक्तगट चाचण्यांनी निकटचे नाते दाखविले. पण आई की मावशी, हे त्यांना सांगता येईना. कुटुंबाच्या वकिलांच्या वाचनात या शोधाची बातमी आली आणि त्यांनी जेफ्रीज यांना पत्र लिहिले.

अडचण अशी होती, की मुलाच्या वडिलांचा नमुना उपलब्ध नव्हता. जेफ्रीज यांनी महिलेच्या अन्य तीन मुलांचे नमुने घेतले. त्यांच्या ज्या पट्ट्या आईकडे नव्हत्या त्या वडिलांकडून आलेल्या असणार, हे उघड होते. अशा रीतीने अनुपस्थित पित्याच्या पट्ट्यांची जुळणी झाली. वादग्रस्त मुलाच्या सर्व पट्ट्यांचा उगम या दोघांत सापडला. तो त्याच महिलेचा मुलगा आणि त्या तिघांचा सख्खा भाऊ होता. १९८५ मध्ये सरकारने हरकत मागे घेतली आणि मुलगा घरी राहिला.

लेस्टरसारख्या शहरात या निकालाला विशेष अर्थ होता. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई नागरिकांची हकालपट्टी केली, तेव्हा ‘आमच्या शहरात येऊ नका’ अशी जाहिरात लेस्टरच्या नगर परिषदेने युगांडातील वृत्तपत्रात दिली होती. त्याउपर हजारो कुटुंबे तेथे आली. ‘आलेला मुलगा खरेच तुमचा कशावरून?’ हा प्रश्न त्या काळी भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातून येऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांच्या पाचवीला पुजलेला होता. जन्माचे दाखले नाहीत, असलेल्यांवर विश्वास नाही, मुलाखतींत आईच्या आणि मुलाच्या सांगण्यात किरकोळ तफावत आढळली की अर्ज फेटाळलेला, अशी स्थिती होती. ब्रिटनच्या गृह खात्याने उपखंडातील कुटुंबांवर या चाचणीचा प्रायोगिक वापर करून पाहिला, तेव्हा बहुसंख्य अर्जदारांचे नातेसंबंध खरे असल्याचे आढळले.

मात्र न्यायाला झालेला विलंब विज्ञानाला भरून काढता आला नाही. पूर्वी अर्ज नाकारले गेलेली अनेक मुले आपले नाते सिद्ध होईपर्यंत सज्ञान झाली होती आणि सज्ञान अपत्याला आईवडिलांकडे येण्याचा तोच हक्क उरला नव्हता. प्रयोगशाळेचे उत्तर अचूक असले, तरी त्याचा लाभ कोणाला आणि केव्हा मिळावा, हे ठरविणारी यंत्रणा वेगळीच असते, याचा हा पहिला प्रत्यय होता.

नारबरोची दोन वर्षे

विभागाची दुसरी मोठी कसोटी शहरालगतच्या गावांतच लागली. लेस्टरजवळच्या नारबरो व एंडरबी परिसरात नोव्हेंबर १९८३ आणि जुलै १९८६ मध्ये पंधरा वर्षांच्या दोन शाळकरी मुलींची अत्याचार करून हत्या झाली. सतरा वर्षांच्या एका स्थानिक मुलाने दुसऱ्या खुनाची कबुली दिली. पहिला खूनही त्यानेच केला असावा, या तर्काने पोलिसांनी जेफ्रीज यांच्याकडे नमुने पाठविले. निष्कर्ष अनपेक्षित होता. दोन्ही गुन्हे एकाच पुरुषाचे होते; पण तो पुरुष हा मुलगा नव्हता. डीएनए पुराव्याच्या आधारे निर्दोष ठरलेली ती जगातील पहिली व्यक्ती. कबुलीजबाब हाती असताना विज्ञानाने तो खोटा ठरविला, ही गोष्ट या तंत्राच्या इतिहासात अपराध्याला पकडण्याच्याही आधी येते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१९८७ च्या आरंभी पोलिसांनी तीन गावांतील आणि परिसरातील पुरुषांना स्वेच्छेने नमुने देण्याचे आवाहन केले. सुमारे पाच हजार पुरुष पुढे आले. हे विश्लेषण शासकीय न्यायवैद्यक सेवेने केले. प्रत्येक नमुन्याची डीएनए चाचणी करण्यास त्या काळी फार वेळ लागे. म्हणून आधी रक्तगटादी साध्या चाचण्यांनी बहुतेकांना वगळले जाई. इतके करूनही खुनी सापडला नाही. कॉलिन पिचफोर्क या बेकरी कामगाराने आपल्या एका सहकाऱ्याला स्वतःच्या नावाने नमुना द्यायला पाठविले होते. त्या सहकाऱ्याने मद्यगृहात याची वाच्यता केली, ती ऐकणाऱ्या एका महिलेने पोलिसांना कळविले आणि सप्टेंबर १९८७ मध्ये पिचफोर्क पकडला गेला. त्याचा डीएनए जुळला. जानेवारी १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. डीएनए पुराव्याच्या साह्याने खुनाबद्दल शिक्षा झालेला तो पहिला गुन्हेगार होय.

या प्रकरणाने लेस्टरचे नाव जगभर झाले. हजारो निरपराध माणसांनी दंड पुढे केला म्हणून तो तपास शक्य झाला आणि एका बाईने ऐकलेली गोष्ट सांगितली म्हणून तो तडीस गेला. मात्र नमुना देणे नावापुरते ऐच्छिक असले, तरी नकार देणाऱ्याकडे अख्खे गाव संशयाने पाहणार, हेही तेथे दिसून आले. संमती म्हणजे काय, हा प्रश्न तेव्हापासून या शास्त्राचा पाठलाग करीत आहे.

विस्ताराच्या दिशा

प्रसिद्धीबरोबर निधी आला, संशोधक आले आणि विभागाच्या कक्षा रुंदावल्या. ब्राझीलमध्ये १९८५ साली उकरून काढलेले अवशेष नाझी डॉक्टर जोसेफ मेंगेल याचेच असल्याचे जेफ्रीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले. चेर्नोबिल दुर्घटनेची झळ बसलेल्या बेलारूसमधील कुटुंबांच्या अभ्यासात, पालकांकडून अपत्यांकडे जाणाऱ्या पुनरावृत्त डीएनएमधील उत्परिवर्तनांचे प्रमाण अधिक आढळल्याचे युरी डुब्रोवा यांच्या गटाने १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. ‘डॉली’ ही मेंढी खरोखरच मूळ पेशींची प्रतिकृती आहे काय, या शंकेचे निरसन करणाऱ्या १९९८ च्या चाचणीतही लेस्टरचा सहभाग होता.

मार्क जॉबलिंग यांच्या गटाने वळण घेतले ते इतिहासाकडे. वाय गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे जाते. इंग्लंडमध्ये आडनावही तसेच जाते. मग एकाच आडनावाचे दोन अपरिचित पुरुष एकाच पूर्वजाचे वंशज असतात काय? जॉबलिंग आणि टुरी किंग यांच्या २००६ मधील अभ्यासात समान आडनावाच्या दीडशे जोड्या तपासल्या गेल्या. सुमारे चतुर्थांश जोड्यांत तुलनेने अलीकडच्या सामाईक पूर्वजाच्या खुणा आढळल्या आणि आडनाव जितके दुर्मीळ, तितकी ही शक्यता अधिक निघाली.

याच कामात एक आश्चर्य हाती लागले. यॉर्कशायरमधील एका दुर्मीळ आडनावाच्या गोऱ्या पुरुषाकडे पश्चिम आफ्रिकेत आढळणारे वाय गुणसूत्र सापडले. त्याच आडनावाचे आणखी पुरुष शोधले असता एकूण अठरांपैकी सात जणांकडे ते निघाले. त्यांच्या वंशावळी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मागे गेल्या. पण आफ्रिकी पूर्वजाचा कागदोपत्री मागमूस कोणालाही नव्हता. २००७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध करताना संशोधकांनी त्या कुटुंबांचे आडनाव गुप्त राखले. शुद्ध वंशाच्या कल्पनेला धक्का देणारे हे उदाहरण शिकवण्यासाठी आयते होते. तरीही ज्यांनी विश्वासाने नमुना दिला, त्यांची ओळख उघड करण्याचा अधिकार आपल्याला नाही, ही मर्यादा पाळली गेली.

शिकवण्याचे शास्त्र

इंग्लंडच्या उच्च शिक्षण निधी परिषदेने २००५ मध्ये देशभर ७४ अध्यापन-उत्कृष्टता केंद्रांना पाच वर्षांचे अर्थसाह्य मंजूर केले. त्यांपैकी जनुकशास्त्राचे केंद्र लेस्टरला मिळाले. ‘जेनेटिक्स एज्युकेशन नेटवर्किंग फॉर इनोव्हेशन अँड एक्सलन्स’ या लांबलचक नावाचे संक्षिप्त रूप ‘जीनी’ असे झाले. ॲनेट कॅशमोर या त्याच्या संचालिका होत्या. संशोधनात नाव कमावलेल्या विभागाने अध्यापनालाही संशोधनाइतकीच प्रतिष्ठा द्यावी, ही त्यामागील भूमिका.

‘जीनी’चे काम दुहेरी होते. विद्यापीठातील विद्यार्थ्यांसाठी नव्या अध्यापन पद्धती घडवणे हा एक भाग, तर शाळा, शिक्षक आणि सर्वसामान्य नागरिक यांच्यापर्यंत पोहोचणे हा दुसरा. इंटरनेटवर उभारलेल्या ‘व्हर्च्युअल जेनेटिक्स एज्युकेशन सेंटर’मध्ये शालेय विद्यार्थी, महाविद्यालयीन विद्यार्थी, आरोग्यसेवेतील कर्मचारी आणि सामान्य वाचक यांच्यासाठी वेगवेगळी दालने ठेवण्यात आली. ही विभागणी विचारपूर्वक केलेली दिसते. परिचारिकेला पडणारा प्रश्न आणि दहावीच्या विद्यार्थ्याला पडणारा प्रश्न एक नसतो. आनुवंशिक आजार असलेल्या घरातील आईचा प्रश्न तर या दोघांहून वेगळा.

अशा उपक्रमांत हमखास रमवणारा एक प्रयोग आहे. फळाचा लगदा करून त्यात मीठ आणि भांडी घासण्याचा द्रव मिसळायचा, गाळून घ्यायचे आणि वरून थंडगार अल्कोहोल हलकेच ओतायचे. दोन थरांच्या सीमेवर पांढरट तंतू जमू लागतात; तो डीएनए. काही मिनिटांत, साध्या डोळ्यांनी दिसणारा. आनुवंशिकतेचे द्रव्य फळातही असते आणि आपल्यातही, हे व्याख्यानाने जितके पटत नाही तितके या प्रयोगाने पटते.

२०१० मध्ये मूळ अर्थसाह्याची मुदत संपली. सरकारी निधीवर उभ्या राहिलेल्या अनेक योजना अशा वेळी गुंडाळल्या जातात. लेस्टरमध्ये हे काम विभागाच्या नित्याच्या जबाबदाऱ्यांत सामावले गेले आणि दोनच वर्षांत त्याला कल्पनेपलीकडचा प्रसंग लाभला.

वाहनतळाखालचा राजा

ऑगस्ट १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत मारला गेलेला इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याला लेस्टरमधील एका मठात पुरले होते. मठ पाडला गेला आणि कबरीची खूण नाहीशी झाली. फिलिपा लँगली यांनी चिकाटीने पाठपुरावा केला; त्यातून विद्यापीठाचे पुरातत्त्ववेत्ते, नगर परिषद आणि रिचर्डप्रेमी मंडळी एकत्र आली. ऑगस्ट २०१२ मध्ये एका वाहनतळावर उत्खनन सुरू झाले आणि वाकलेल्या कण्याचा एक सांगाडा मिळाला. तो राजाचाच कशावरून, हे ठरविण्याची जबाबदारी टुरी किंग यांच्यावर आली.

येथे आईकडून अपत्यांकडे जाणारा मायटोकाँड्रियल डीएनए उपयोगी पडला. रिचर्डला आज हयात असा थेट वंशज नाही. मात्र त्याच्या ॲन या बहिणीपासून मुलीकडून मुलीकडे उतरत आलेल्या शाखांतील दोन व्यक्तींचा शोध लागला. त्यांपैकी एक कॅनडात जन्मलेले आणि लंडनमध्ये सुतारकाम करणारे मायकेल इब्सेन. त्यांचा आणि सांगाड्याचा मायटोकाँड्रियल डीएनए जुळला. ४ फेब्रुवारी २०१३ रोजी ही घोषणा झाली. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात पुरातत्त्व, कार्बन कालमापन, वंशावळ आणि डीएनए या सर्व पुराव्यांचा मिळून ९९.९९९ टक्के खात्रीचा हिशेब मांडला गेला.

त्याच निबंधात एक अवघड निष्कर्षही होता. पुरुष वंशपरंपरेने नातलग ठरणाऱ्या पाच हयात पुरुषांचे वाय गुणसूत्र राजाशी जुळले नाही. याचा अर्थ मधल्या पिढ्यांत कोठे तरी कागदोपत्री पिता आणि खरा पिता वेगळे होते. हा खंड नेमका कोठे पडला, हे ठरविता येत नसल्याने राजघराण्याच्या वैधतेविषयी निष्कर्ष काढता येणार नाही, असे संशोधकांनी स्पष्ट केले. सनसनाटीला आवतण देणाऱ्या प्रसंगी त्यांनी पुराव्याची मर्यादा सांगितली. लोकशिक्षणाच्या दृष्टीने तो या प्रकरणातील सर्वांत मोलाचा भाग होता.

मार्च २०१५ मध्ये राजाचे लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये पुन्हा दफन झाले, तेव्हा रस्त्यांवर हजारोंची गर्दी होती. उत्खननाच्या जागेला लागून २०१४ मध्ये सुरू झालेल्या अभ्यागत केंद्रात ही सारी वैज्ञानिक प्रक्रिया मांडली आहे. राजाची गोष्ट ऐकायला आलेला माणूस मायटोकाँड्रिया म्हणजे काय ते समजून घेऊन बाहेर पडतो.

आजचे शहर, आजचे प्रश्न

२०२१ च्या जनगणनेनुसार लेस्टरची लोकसंख्या सुमारे ३ लाख ६८ हजार असून तीत ४३ टक्के नागरिक आशियाई वंशाचे आहेत. एकट्या भारतीय वंशाच्या नागरिकांचे प्रमाण ३४ टक्क्यांच्या घरात जाते. आधुनिक वैद्यकीय जनुकशास्त्राच्या दृष्टीने याला फार महत्त्व आहे. जनुकीय घटक आणि रोग यांचा संबंध शोधणाऱ्या जगभरातील अभ्यासांत आजवर बहुसंख्य सहभागी युरोपीय वंशाचे होते. त्यावर आधारलेले धोक्याचे अंदाज दक्षिण आशियाई माणसाला तितकेसे लागू पडत नाहीत. मधुमेह आणि हृदयविकार यांचे प्रमाण ज्या समाजात अधिक, त्यालाच नव्या ज्ञानाचा लाभ कमी, असा हा उफराटा न्याय आहे.

विद्यापीठाने २०१३ मध्ये ‘एक्सीड’ नावाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. लेस्टर, लेस्टरशायर आणि रटलंड येथील दहा हजारांहून अधिक लोकांनी त्यासाठी डीएनए नमुने दिले आणि आपल्या आरोग्यनोंदी पाहण्यास अनुमती दिली. अशा अभ्यासात सर्व समाजगट पुरेशा संख्येने यावेत, यासाठी केवळ निमंत्रणपत्रे धाडून भागत नाही. ज्यांच्या आजोबांना एकेकाळी आपले पितृत्व सिद्ध करण्यासाठी रक्त द्यावे लागले, त्यांच्या नातवंडांना ‘आता संशोधनासाठी द्या’ असे सांगताना संस्थेला आधी विश्वास कमवावा लागतो.

हा विश्वास कशाने डळमळतो, हे ब्रिटनने अनुभवले आहे. १९९५ मध्ये तेथे राष्ट्रीय डीएनए माहितीसंच स्थापन झाला. पुढे कायदा बदलून, अटक झाली पण गुन्हा सिद्ध झाला नाही अशांचीही माहिती कायम ठेवली जाऊ लागली. या तंत्राचे जनक असलेल्या जेफ्रीज यांनीच त्याला जाहीर विरोध केला. डिसेंबर २००८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हे धोरण खासगी जीवनाच्या हक्काचा भंग करणारे ठरविले. त्या खटल्यातील एक अर्जदार अटकेच्या वेळी अवघ्या अकरा वर्षांचा होता. २०१२ मध्ये नवा कायदा होऊन निरपराधांच्या बहुतांश नोंदी काढून टाकण्याची तरतूद झाली.

आपल्यासाठी बोध

लेस्टरच्या शोधाचे पडसाद भारतात लवकरच उमटले. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात डॉ. लालजी सिंग यांनी १९८८ च्या सुमारास स्वतंत्र शोधक वापरून डीएनए ठशांचे भारतीय तंत्र विकसित केले. त्या शोधकाचे मूळ पट्टेरी मण्यार या सापावरील त्यांच्या अभ्यासात होते. थोड्याच अवधीत केरळमधील एका पितृत्वाच्या दाव्यात भारतीय न्यायालयाने हा पुरावा ग्राह्य मानला. आज मुंबईत कालिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत अशी चाचणी हे नित्याचे काम झाले आहे.

कायद्याची घडी मात्र अजून बसलेली नाही. डीएनए नमुन्यांचा वापर आणि साठवण यांचे नियमन करण्यासाठी २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेले विधेयक जुलै २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. नमुना किती काळ ठेवायचा, कोणी पाहायचा आणि निर्दोष सुटलेल्याची नोंद केव्हा पुसायची, याविषयी त्यात काय असावे यावर संसदीय समितीपासून नागरी हक्क संघटनांपर्यंत बराच खल झाला होता.

न्यायालयाबाहेरही हा विषय आपल्या दाराशी आला आहे. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले. आदिवासी भागांत कोट्यवधी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. नंदुरबार आणि गडचिरोलीच्या पाड्यांवर हा आजार नवा नाही. तेथील तरुण मुलीच्या हाती ‘वाहक’ असा शेरा लिहिलेले कार्ड पडते, तेव्हा ती आजारी आहे की नाही, तिचे लग्न होऊ शकते की नाही, जोडीदाराची तपासणी का हवी, हे तिच्या भाषेत कोणी समजावून सांगितले नाही, तर त्या कार्डातून ज्ञानाऐवजी कलंकच तिच्या वाट्याला येण्याचा धोका असतो. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता चारांत एक असते, आणि वाहक व्यक्ती सर्वसाधारणपणे निरोगी आयुष्य जगते. या दोन वाक्यांसाठी महागडे यंत्र लागत नाही. ती सांगणारे माणूस मात्र लागते.

लेस्टरमध्ये शोध लागला १९८४ मध्ये आणि शिकवण्यासाठी स्वतंत्र केंद्र उभे राहिले त्यानंतर एकवीस वर्षांनी. आपल्याकडील विद्यापीठांच्या जनुकशास्त्र विभागांना एवढे थांबण्याचे कारण नाही. चाचणीची साधने आज तालुक्याच्या गावी पोहोचू लागली आहेत. त्यांच्या पाठोपाठ समजावून सांगणारी शिकलेली माणसेही पोहोचावीत, यासाठी विद्यापीठांनी आपले विद्यार्थी आणि अध्यापक आशा कार्यकर्त्यांच्या व शाळांच्या मदतीला धाडणे, हा सहज करता येण्याजोगा आरंभ ठरेल.